कमी बोलणारी नायिका आणि आपली तक्रार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गिलियन फ्लिनच्या 'शार्प ऑब्जेक्ट्स' कादंबरीवर वाचकांची मतं छापलीत ते फार आवडलं, इंग्रजी रहस्यकथेला मराठी पेपरात एवढी जागा सहसा मिळत नाही. पण मतं वाचली आणि राहवेना म्हणून लिहितेय. कादंबरीची नायिका कॅमिल घुमी आहे, तिच्याबद्दल माया वाटत नाही, ती वाचकाला जवळच येऊ देत नाही, बहुतेकांचं रडगाणं हेच. मला तर वाटतं की ती मोकळीढाकळी असती तर हे पुस्तक पन्नास पानांत संपलं असतं, कारण गावात खून कुणी केले आणि ही बाई गप्प का, याची उत्तरं एकाच घरात आहेत.

ती कुठून आलीये ते बघा ना. विंड गॅप हे मिसुरी राज्याच्या दक्षिण टोकाकडचं, दोनेक हजार वस्तीचं गाव, डुकरं कापायचा कारखाना हाच तिथला मोठा धंदा आणि तो कॅमिलच्या आईच्या, अडोराच्या मालकीचा, त्यामुळे तिच्याबद्दल वाकडं बोलणार कोण? कॅमिल शिकागोत रिपोर्टर. गावातल्या एका मुलीचा खून झालेला, दुसरी बेपत्ता, म्हणून संपादक तिला तिकडे पाठवतात आणि ती उतरते आईच्याच घरी. आईला ही बातमीदारी मुळीच पसंत नाही, लेक सुट्टीला आलीय असंच ती धरून चालणार. आता अशा घरात माणूस मन कुणापाशी मोकळं करणार, सांगा!

आणि ती काहीच सांगत नाही असंही नाही हो. अख्खी गोष्ट तिच्याच तोंडून येते, फक्त ती तिच्या वेळेने सांगते. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, आरशासमोर रेंगाळणं नाही, कुणी हात लावला की अंग चोरणं, हे सगळं आपल्याला आधी दिसतं आणि कारण नंतर कळतं. ते कळलं की मागची पानं परत काढून वाचावीशी वाटतात, मी तरी वाचली. एकीने लिहिलंय की हे सुरुवातीलाच सांगून टाकायला हवं होतं. का बरं? जी गोष्ट तिने वर्षानुवर्षं कपड्याखाली झाकली ती आपल्याला पहिल्या पानावर का द्यावी?

रहस्यकथेतला पोलीसवाला कमी बोलला, दारू प्यायला, एकटा राहिला तर आपण त्याला धीरगंभीर म्हणतो, किती हिरो असे आहेत. बाई तशीच वागली की लगेच आखडू. गंमत म्हणजे विंड गॅपचे लोकही हेच करतात. नताली आणि ॲन, या दोघी मेलेल्या मुली खरं तर भांडखोर, चावऱ्या होत्या, पण मेल्यावर सगळ्या गावाला त्या गोड गोड आठवतात. नतालीचा भाऊ जॉन चारचौघांत रडतो म्हणून संशय त्याच्यावर. आणि एक लहान मुलगा सांगतोय की नतालीला एका बाईने ओढून नेलं, तर पोलीस त्याला हिशोबातच धरत नाहीत, कारण बाई असं करेल हे कुणाच्या डोक्यातच बसत नाही. बायकांकडून आपण काय काय गृहीत धरतो यावरच हे रहस्य उभं आहे, म्हणून तर 'नायिका गोड नाही' ही तक्रार वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती अम्माच्या बाहुलीघराने. अम्मा ही कॅमिलची तेरा वर्षांची सावत्र बहीण, तिचं बाहुलीघर म्हणजे त्याच घराची हुबेहूब नक्कल, आणि त्यातलं जेवणाचं टेबल मापाला चुकलं म्हणून ही पोरगी केवढं आकांडतांडव करते! त्या प्रसंगावर कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

दोष आहेत, नाही कोण म्हणतंय. शेवट फारच घाईत उरकलाय, एवढा मोठा उलगडा मोजक्या पानांत आणि तोही धाप लागल्यासारखा. कॅन्सस सिटीहून आलेल्या डिटेक्टिव्ह रिचर्डचं प्रकरण मला उगाच लांबवल्यासारखं वाटलं. पण फ्लिनची ही पहिलीच कादंबरी, २००६ सालची, आणि २००७ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचे दोन डॅगर पुरस्कार तिला मिळाले. काहींनी २०१८ ची आठ भागांची सिरीज बघूनच मत दिलंय असं दिसतं. सिरीज चांगलीच आहे, एमी ॲडम्सने कमाल केलीय, तरी पुस्तकातला कॅमिलचा तो आतला आवाज वाचायलाच हवा.

दोन विनंत्या आहेत. या पुस्तकात स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग बरेच आहेत, ज्यांना त्याचा त्रास होईल त्यांना आधी कळायला हवं, पुरवणीत तशी एक ओळसुद्धा नव्हती. आणि एका वाचकाने खुनी कोण ते चक्क नाव घेऊन लिहिलंय. माझी मैत्रीण त्या वेळी निम्म्यावर होती, तिने पुस्तक मिटून ठेवलं ते ठेवलंच. पुढच्या वेळी मतं छापताना तेवढं वाक्य कृपया कापत जा.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली