ती बोटं माझी नव्हती, काकू

ती. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

वरच्या मजल्यावरून पत्र कसलं लिहितोस, जिना उतरून ये की, असं तुम्ही म्हणाल. आलोही असतो. पण तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "कसले आभार, चहा टाकू का?" म्हणून विषय मिटवता, हे मला आता पाठ झालंय. शिवाय मला जे कबूल करायचंय ते चारचौघांतच करायला हवं, कारण लबाडीही चारचौघांतच झाली.

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवारची संध्याकाळ. न्यू जर्सीतल्या आपल्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस, हॅलोवीनची पार्टी, छताला कापसाची जाळी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. चेटकिणीच्या बोटांचं, म्हणजे बोटांसारख्या कुकीजचं, ताट बघता बघता रिकामं झालं. "कुठून मागवलीस रे?" असं दोघातिघांनी विचारलं. मी म्हटलं, घरीच केली. घरी म्हणजे कुणी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वर फोटोला ताट घेऊन उभा राहिलो. तुम्ही भिंतीकडेच्या खुर्चीत सायडरचा कप धरून बसला होतात आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसलात. ते हसू अजून टोचतं. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

पार्टीला कोण काय आणणार याची यादी क्लबहाउसच्या दारावर लावली होती. मी पोचेपर्यंत चिप्स, सायडर, कागदी ताटल्या अशी सगळी शहाण्या माणसांची कामं गेली होती. उरलं होतं ते 'कुकीज, सहा डझन'. मी बेधडक नाव लिहिलं. बायकोला हॉस्पिटलात रात्रपाळी, मुलगा सहा वर्षांचा आणि माझा भट्टीचा अनुभव म्हणजे फ्रोझन पिझ्झा.

मंगळवारी रात्री बटरच्या दोन कांड्या फ्रीझरमधून काढल्या. दगडासारख्या होत्या, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये घातल्या आणि त्यांचं पाणी झालं. म्हटलं बरंच झालं, कालवायला सोपं. त्यात साखर, अंडं, मैदा घालून भुतं कापली आणि ३५० फॅरनहाइटला ढकलली. आठव्या मिनिटाला काचेतून बघतो तर भुतांना आकारच उरला नव्हता. बारा भुतांचं मिळून एकच सलग भूत झालं होतं आणि त्याच्या कडा ट्रेवरून खाली गळून जळत होत्या. अलार्म बोंबलायला लागला. मी टॉवेलने त्याला वारा घालत होतो, तेवढ्यात दार वाजलं. गाउनवर स्वेटर, पायात मोजे, हातात टॉर्च. "काय जाळतोयस रे एवढ्या रात्री?"

आत आल्यावर तुम्ही आधी खिडकी उघडलीत, मग ट्रेकडे बघितलंत. "लोणी वितळवलंस." हा प्रश्न नव्हताच. मग खुर्ची ओढून बसलात आणि तासाभरात मला जे शिकवलंत ते मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. बटर बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण चकाकू नये, इतकंच मऊ हवं. ते साखरेबरोबर फेसताना त्यात हवा धरली जाते, पातळ झालेलं बटर हवा धरत नाही. पीठ थंड करायचं, लाटायचं, आकार कापायचे आणि कापलेले आकार पुन्हा पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. "भट्टीत आधी कडा धरल्या पाहिजेत, मग लोणी सुटलं तरी चालेल. तू उलटं केलंस." एवढं सगळं बोललात, पण पिठाला हात लावला नाहीत. त्याचं मला तेव्हा जरा नवल वाटलं होतं.

मग तुम्ही विचारलंत, यात अंडं आहे ना, मग तिसऱ्या मजल्यावरचं जैन कुटुंब काय खाणार? मी गप्प. "आणि ते बदाम कशाला काढून ठेवलेस?" बोटांना नखं म्हणून, मी सांगितलं. इंटरनेटवर सगळे तसंच करतात. तुम्ही म्हणालात, कोपऱ्यावरच्या घरापुढे निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवलाय, तो बघितला नाहीस का? बघितला होता. मला वाटलं, हौस. तो टील पंपकिन. २०१४ पासून ही पद्धत अमेरिकाभर पसरलीय. दारात तसा भोपळा असला की तिथे मुलांना खाऊऐवजी स्टिकर, खेळणी असलं काहीतरी मिळतं, म्हणजे ॲलर्जी असलेल्या मुलालाही रित्या हाताने परतावं लागत नाही. त्या घरातल्या मुलीला बदाम-अक्रोड चालत नाहीत, हे आख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये मला एकट्याला माहीत नव्हतं.

"मग बोटं रद्द?" मी विचारलं.

"रद्द कशाला? नानकटाई कर."

आणि मग तुमच्या लहानपणीची सावंतवाडी निघाली. दिवाळीच्या आधी आई घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत घालून बेकरीत पाठवायची. भट्टी पावाची, पण त्या आठवड्यात पावापेक्षा नानकटाईचेच पत्रे जास्त आत जायचे. तुम्ही पाच भावंडं बाहेर बाकावर रांगेने बसायचात, आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून पहाऱ्याला. गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून डोक्यावरून घरी आणायची आणि वाटेत झाकण उघडायचं नाही. "उघडायचो," तुम्ही म्हणालात, "पण मोजून."

एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, वेलची-जायफळ. वळताना बोटं माझ्या करंगळीपेक्षा बारीक करायला लावलीत, कारण फुगतात. पहिली चार मी ऐकलं नाही म्हणून अंगठे झाली. आणि गंमत अशी की नानकटाईला भेगा पडतात, एरवी तो दोष धरतात, इथे त्याच भेगांनी बोटं दोनशे वर्षांची दिसायला लागली. सांध्यांवर सुरीच्या पाठीने तीन-तीन रेघा. नखांचं तुम्ही असं सोडवलंत: "भोपळा कोरलास ना पोराबरोबर? बिया कुठायत?" कचऱ्यात. मला त्या उपसायला लावल्यात, तीनदा धुवायला लावल्यात आणि मंद भाजायला. सालासकटची भोपळ्याची बी, पिवळट, कडेला जराशी काळवंडलेली, खाली लाल जॅमचा ठिपका. बदामाचं नख नेलपॉलिश लावल्यासारखं दिसतं. हे नख बघून माझा मुलगा दोन पावलं मागे सरकला. फक्त वरची बी काढून मग खायची, ही चिठ्ठी ताटाला तुम्हीच लावायला सांगितलीत, हेही आता सांगून टाकतो.

(त्या भोपळ्याच्या गराचे घारगे करू या, असं मी उत्साहाने म्हणालो तेव्हा तुम्ही "कोरायचा भोपळा वेगळा, खायचा वेगळा, हा नुसता पाणी आणि दोरे" म्हणालात. माझा तेवढाच पाककौशल्याचा मुद्दा होता, तोही गेला.)

बुधवारी रात्री नवी भुतं थंड झाल्यावर आयसिंग. तुम्ही निळा गोल बिस्किटांचा डबा घेऊन वर आलात. मला वाटलं, आपल्याकडे सगळ्यांच्याच घरी असतो तसा, आत सुया-दोरे असणार. आत पायपिंगची नोझलं होती, चिंधीत गुंडाळलेली. तेव्हा कळलं की एका सुपरमार्केटच्या बेकरीत तुम्ही एकवीस वर्षं केकवर नावं लिहीत होतात. चार वर्षं झाली मी तुमच्या डोक्यावर राहतोय, काकू. मंडळाच्या गणपतीत आरतीला तुमचा आवाज ऐकलाय, तुमच्या हातची सोलकढी प्यायलोय, आणि हे माहीत नाही.

काठाला घट्ट आयसिंग, आत भरायला सैल. सैल किती? चमच्याने वरून सोडलेली रेघ दहा मोजेपर्यंत विरली पाहिजे. "घावनाच्या पिठासारखं," तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळा रंग मी ओततच सुटलो होतो, तुम्ही बाटली काढून घेतलीत. आधी कोको घालून तपकिरी कर, मग थोडा काळा, करडं दिसलं तरी झाकून ठेव, सकाळी आपोआप काळं होतं. नाहीतर सगळ्या पोरांचे दात काळे. तसंच झालं, म्हणजे आयसिंग काळं झालं, दात नाही.

कोळ्याचं जाळं मला जमेना. पांढऱ्यावर काळी वर्तुळं, ओली असतानाच टूथपिकने मधून बाहेर ओढायचं. माझी वर्तुळं लांबट, रेघा वाकड्या. शेवटी तुम्ही टूथपिक घेतलीत. उजवा हात थरथरत होता. डाव्या हाताने मनगट धरलंत, श्वास रोखलात आणि आठ रेघा ओढल्यात, सगळ्या सारख्या. मग टूथपिक खाली ठेवून म्हणालात, "एवढंच होतं आता." दोन रात्री तुम्ही पिठाला हात का लावला नाहीत, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे उटणं, संध्याकाळी हॅलोवीन, असा दिवस काय रोज येतो? कारीट इथे मिळत नाही, म्हणून मुलाने वितळलेल्या भुताचा तुकडा अंगठ्याखाली फोडायला आणला, तर तुम्ही ओरडलात, खायची वस्तू पायाखाली? तो सगळा जळका ठेवा तुम्ही कडा कापून कुटायला लावलात, चॉकलेट पुडिंगवर पसरलात आणि स्मशानातली माती म्हणून कपांत भरलात. एक जिंजरब्रेडचा माणूस मुलाने उलटा करून त्याच्या टाचा पुढे काढल्या, कारण हडळीचे पाय उलटे असतात हे तुम्ही त्याला सांगितलं होतं. पार्टीत त्याने ते तीन अमेरिकन पोरांना समजावलं. त्यांच्या आया अजून मला त्याबद्दल विचारतात.

तर मंडळी, ती बोटं, ती नखं, ते काळं आयसिंग आणि ती माती माझी नव्हती. मी फक्त वळली आणि भाजली. श्रेय तळमजल्यावर राहतं.

काकू, तुमच्या हातचं ते एक जाळं मी ताटात ठेवलंच नव्हतं. फ्रीझरमध्ये आहे, बायकोने त्यावर 'हात लावू नये' असं लिहून ठेवलंय. निळा डबा मात्र वर्षभर माझ्याकडेच राहिला, त्याबद्दल माफी. रिकामा परत करायचा नसतो, एवढं वळण आईने लावलंय. उद्या चहाच्या वेळेला आणतो. झाकण उघडलंत की आधी बोटं मोजून घ्या, वाटेत जिन्यावर मुलाने एखादं खाल्लेलं असेल.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा