पेजरचा माग काढणार तरी कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेजर, म्हणजे छोटे निरोप दाखवणारे खिशातले यंत्र, चालू ठेवला की टॉवरला आपला ठावठिकाणा कळतो, हे कालच्या पुरवणीत चौकट करून छापलेले वाचले. कसा कळतो, तेही लेखकाने सांगितले असते तर उपकार झाले असते. साध्या एकमार्गी पेजरमध्ये ट्रान्समीटरच नसतो. तो फक्त ऐकतो. पेजर कुठे आहे हे यंत्रणेला ठाऊक नसते, म्हणूनच तर एकच निरोप त्या भागातल्या सगळ्या ट्रान्समीटरवरून एकदम सोडावा लागतो.

बॅटरीचा परिच्छेद तर कहर आहे. पेजर सतत ऐकत असतो, म्हणून रात्री सेल काढून ठेवा म्हणे! पॉकसॅग या पेजरला निरोप धाडण्याच्या पद्धतीत निरोपांआधी एक-शून्य-एक-शून्य अशी किमान ५७६ बिटांची नांदी येते. सेकंदाला १२०० बिट या वेगाने ती जेमतेम अर्धा सेकंद चालते. तेवढ्यात सापडेल अशा अंतराने पेजर क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. नांदी ऐकू आलीच, तर सिंक शब्द (ताळमेळ जुळवणारा बिटांचा ठरावीक गट) पकडायचा आणि पुढच्या आठ फ्रेमपैकी, म्हणजे निरोपांच्या ठरावीक कप्प्यांपैकी, फक्त आपली तपासायची. ती कोणती, हे पेजरच्या पत्त्याला, म्हणजे त्याच्या क्रमांकाला, आठने भागून उरणारी बाकी सांगते. पत्ता १२३४५६७ असेल तर बाकी ७, म्हणजे शेवटची फ्रेम, कारण मोजणी शून्यापासून. इतर फ्रेमच्या वेळी रिसीव्हर बंद. एका ट्रिपल-ए सेलवर पेजर कित्येक आठवडे चालतो तो यामुळे. सेल काढलेला असताना आलेला निरोप मात्र गेला तो गेलाच; पोच नसल्याने पाठवणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. रात्रपाळीच्या एखाद्या डॉक्टरांनी हा सल्ला मनावर घेतला नसेल, अशी आशा करू या.

खरा धोका लेखकाच्या गावीही नाही. मूळ पॉकसॅगमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप गुप्त लिपीत झाकण्याची सोय, नाही. यूएसबीवर चालणारा स्वस्त रेडिओ रिसीव्हर आणि फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर कोणाचेही निरोप वाचता येतात. त्यामुळे पेजरवर रुग्णाचे नाव किंवा आजार कधीच पाठवू नये. शिवाय आकडी निरोपात ३२ बिटांच्या एका शब्दात पाच आकडे बसतात. दोन बिटांपर्यंतची चूक दुरुस्त करता येते. त्याहून जास्त बिघडले की पाचही आकड्यांवर भरवसा नाही. फोन नंबर एकाच निरोपात दोनदा पाठवावा तो यासाठी.

जाता जाता: लेखाशेजारी पेजर म्हणून छापलेला फोटो वॉकी-टॉकीचा आहे. बोलताना दाबायचे बटण त्यात चांगले ठळक दिसते.

आपला,
एक वाचक