कोपरासाठी एक प्रोब हवा आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या समितीच्या तपासणी केंद्रात हाडा-सांध्यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात, "कुठे पडलात का? मार लागला का?" कोपर धरून आलेले बरेच जण नाही म्हणतात. ना पडले, ना आपटलं. बादली उचलताना, झाकण फिरवताना, ओला कपडा पिळताना कळ येते, एवढंच. पडलेल्याचं निदान बहुतेकदा एका एक्स-रेवर उरकतं. न पडलेल्याचं मात्र महिनोन्‌महिने लांबतं. त्यासाठी ही मदत मागतो आहोत.

केंद्रात एक्स-रे यंत्र आहे, सोनोग्राफीचंही आहे. पण सोनोग्राफीला जोडलेला प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा, ध्वनिलहरी सोडणारा भाग, पोट तपासायचा, वक्र तोंडाचा, साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्‌झचा. यकृत, मूत्रपिंड यांसारखं खोलवरचं त्यात चांगलं दिसतं. कोपराची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कातडीखाली काही मिलिमीटरवर असते. या प्रोबने तिथे नुसता धूसर पट्टा उमटतो. तिथे लागतो सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब, 10 मेगाहर्ट्‌झच्या वरचा. वारंवारता वाढली की लहरी खोल शिरत नाहीत, पण वरवरचं अगदी बारीक दाखवतात. आपल्याच यंत्राला असा प्रोब जोडता येतो, याची खात्री करून घेतली आहे. नवं यंत्र नको, प्रोब हवा.

कार्यकारिणीच्या बैठकीत एका सदस्यांनी रास्त शंका काढली. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचं दुखणं, आपोआप बरा होतो ना, मग हा खर्च कशाला? होतो, हे खरंच आहे. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट दाबलं की दुखतं, मनगट वर उचलताना विरोध केला की दुखतं, एवढ्यावर अनुभवी डॉक्टर निदान करतात. बहुतेकांना कुठल्याच चित्राची गरज नसते आणि वर्षभरात आराम पडतो. (नाव टेनिसचं असलं, तरी हा त्रास होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातातही धरलेली नसते.) अशांसाठी प्रोब मागतच नाही आहोत. व्यायाम आणि विश्रांती देऊनही ज्यांचं काही महिने जागचं हलत नाही, ज्यांची बोटं बधिर होतात, ज्यांचा सांधा अडकतो किंवा सुजतो, त्यांच्यासाठी तो हवा आहे.

आणखी एक गट आहे, इंजेक्शनच्या उंबरठ्यावर उभा असलेला. टेनिस एल्बोत स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान आराम देतं. वर्षाअखेरीस मात्र ते घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांच्या मागे पडलेले दिसतात, हे चाचण्यांमधून पुढे आलं आहे. सुई टोचण्याआधी आत नेमकं काय आहे ते बघून घ्यावं, इतकंच आमचं म्हणणं.

सुरुवात एक्स-रेनेच करायची, यात वाद नाही. समोरून एक, बाजूने एक. झीज, वाढलेलं हाड, सांध्यात सुटा फिरणारा तुकडा, कंडरेत साठलेलं कॅल्शियम यांचा त्यात माग लागतो. बाजूच्या फिल्ममध्ये एक खूण हमखास बघावी. सांध्यात पाणी झालं असेल, तर एरवी न दिसणारी मागची चरबी काळ्या पट्टीसारखी बाहेर ढकललेली दिसते. मार लागलेला नसताना ती दिसली, तर संधिवात, गाऊट, जंतुसंसर्ग यांचा विचार करावा लागतो. पण एक्स-रेत कंडरा आणि नसा दिसत नाहीत. 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ लोक 'काही नाही' असा घेतात, आणि घोळ तिथेच होतो.

तिथून पुढे सोनोग्राफी. आजारी कंडरा जाड आणि काळसर दिसते, तंतू फाटलेले असतील तर खंड दिसतो, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावला की नको तिथे उगवलेल्या रक्तवाहिन्या चमकतात. दुसऱ्या हाताशी तिथल्या तिथे तुलना करता येते. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येणाऱ्यांसाठी तर ही तपासणी फारच उपयोगी. कोपराच्या ज्या जागी आपटलं की झिणझिण्या येतात, तिथून जाणारी अलनार नस सुजली आहे का ते दिसतं. हात हळूहळू वाकवायला सांगितला, तर ती नस खाचेतून निसटताना पडद्यावर पकडता येते. एमआरआयमध्ये हात स्थिर ठेवावा लागतो, त्यामुळे ही गंमत तिथे सहजी हाती लागत नाही.

एमआरआय हवाच, अशी माणसंही आहेत. भालाफेक किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या किशोरवयीन मुलाचा हात पूर्ण सरळ होईनासा झाला, तर कूर्चेखालचं (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाखालचं) हाड खराब होत असू शकतं आणि सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. तो आजार लवकर कळण्याला फार महत्त्व आहे. अशा गरजू रुग्णांचा एमआरआय बाहेर करून देण्यासाठी देणगीतला काही भाग वेगळा ठेवू.

सरसकट एमआरआय मात्र नको. हे आवाहन लिहिणाऱ्याने स्वतः, कोणी न सांगता, तो हट्टाने करून घेतला होता. हात डोक्यावर ताणून पालथं पडायचं आणि हलायचं नाही, दुखऱ्या कोपराला ही शिक्षाच. रिपोर्टमधले शब्द वाचून आठवडाभर झोप लागली नाही. कोपर सातव्या महिन्यात आपलं आपण शांत झालं. काही दुखत नसलेल्या माणसांच्या कंडरांतही चित्रात बदल दिसतात, हे मला नंतर कळलं.

पैशाइतकीच निकड माणसांची आहे. सोनोग्राफीचं सारं यश प्रोब धरणाऱ्या हातावर असतं. सांध्यांच्या सोनोग्राफीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तर काम सुरू होईल. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायला, रुग्णाला 'दुखणं कधीपासून, कुठल्या कामाने वाढतं, मान दुखते का' हे विचारून लिहून घ्यायला दोन स्वयंसेवक हवेत. मानेचा प्रश्न विसरू नये, कारण मानेत दबलेली नस कधी कधी कोपरात बोलते.

कोपर लाल, गरम होऊन ताप आला असेल, किंवा हात दुखताना छातीवर दाब जाणवत असेल, तर आमच्या केंद्राची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

देणगी केंद्राच्या कार्यालयात धनादेशाने किंवा रोख स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल. प्रोबचं बिल आणि एमआरआयसाठी दिलेल्या मदतीचा हिशेब, रुग्णांची नावं वगळून, सूचना फलकावर लावू. प्रोबपुरती रक्कम जमली की प्रोबसाठी देणगी घेणं थांबवू आणि तसं फलकावर लिहू.

आपली,
आरोग्य सहाय्य समितीची कार्यकारिणी