हडसनच्या गल्लीतल्या लेकीला

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. शेअरचा विषय पुन्हा काढणार नाही, असं आईपाशी कबूल करून पत्राला बसलोय.

तुझ्या फोटोत मागे 'जॉर्ज हडसन स्ट्रीट' अशी पाटी दिसली. इंग्लंडात, यॉर्कात राहतेस आणि हा माणूस ठाऊक नाही? 'रेल्वे किंग' म्हणत त्याला. कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेला पोरगा. 1827 मध्ये एका म्हाताऱ्या नातलगाचे 30,000 पौंड मिळाले, पुढे रेल्वेत शिरला. 1837 मध्ये यॉर्कचा लॉर्ड मेयर, आणि थोड्याच वर्षांत हजार मैलांहून जास्त लोहमार्ग त्याच्या शब्दावर! आपली बोरीबंदर-ठाणे गाडी 1853 ची. तोवर याचा डाव आटोपलाही होता.

तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम भरली की शेअर आपला. बाकीची रक्कम कंपनी मागेल तेव्हा. भाव चढता होता तोवर पाद्री, विधवा, कारकून सगळे शिरले. मग मागणीपत्रं आली आणि भरायला कुणाकडे पैसे नाहीत. तुझं ते मार्जिन, थोडे पैसे भरून उसन्यावर शेअर घ्यायचे, ते तरी दुसरं काय... असो.

हडसन लाभांश वाटायचा तो नफ्यातून नव्हे, मुद्दलातून. हिशेब खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे वाचूनच कसंतरी होतं. 1849 मध्ये चौकश्या लागल्या, सगळं बाहेर आलं. गावाने रस्त्याचं नावसुद्धा बदललं, ते 1971 मध्ये परत दिलं. आणि 1865 मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला, तो यॉर्कच्याच. जिथे मेयर होता तिथे, मुग्धा. उसने पैसे घेऊन बाजारात उतरायचं नसतं, हे मी तुला किती वेळा—

झालं माझं भाषण सुरू. राग मानू नकोस.

दुसरीत होतीस तेव्हा ऑफिसात येऊन माझ्या लेजरच्या बेरजा बोट ठेवून तपासायचीस. एकदा खरंच सात रुपयांची चूक काढलीस. साहेबांनी लिमलेटची गोळी दिली, ती फ्रॉकच्या खिशात चिकटली. अजून सांगतो मी लोकांना. तुझा पगारही सांगितला कॉलनीत, आई रागावली. डोकं आहेच तुला. पण आकड्यांत हडसनही पक्का होता.

कर्जाचं आईला बोललेलो नाही. दादाकाकांनाही नाही. थंडीत कानाला बांधत जा.

तुझा,
बाबा

ता.क. त्या ऑप्शनच्या सौद्याची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायची तारीख, कधी आहे? नुसती तारीख कळव.