मथळ्यातला 'मुळे' जपून वापरावा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आरोग्यविषयक बातम्यांच्या मथळ्यांत 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय ज्या सहजतेने जोडले जाते, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या फ्रिजवर अशाच एका बातमीचे कात्रण लावलेले आहे. मथळा आहे 'नाश्त्यामुळे वजन आटोक्यात'. खालच्या मजकुरात मात्र नियमित नाश्ता करणाऱ्यांचे वजन तुलनेने कमी आढळले, एवढेच म्हटले आहे. मथळा वाचल्यापासून ती भूक नसतानाही रोज सकाळी बशीभर पोहे संपवते. नाश्ता करणारी माणसे वेळेवर झोपणारी, व्यायामाला सवड असणारीही असू शकतील, ही शंका त्या 'मुळे'ने तिच्या मनात येऊच दिली नाही.

ही गल्लत औषधांच्या बाबतीत झाली तर काय होते, हे अमेरिकेत दिसले आहे. तेथे 1976 पासून चाललेल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले आणि हृदयाच्या रक्षणासाठीही त्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. पुढे 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या तेथल्याच स्त्री-आरोग्यविषयक संशोधन प्रकल्पाच्या चाचणीत 16,608 स्त्रियांपैकी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरकांची खरी गोळी कोणाला आणि औषध नसलेली कोणाला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले, तेव्हा खरी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला 30 ऐवजी 37 निघाला. स्तनांचा कर्करोगही वाढला आणि 2002 मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. गोळी सुरू करण्याच्या वयानेही फरक पडतो, हे खरे. पण आधीच्या पाहणीत स्वतःहून गोळी घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या, हे या तफावतीचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

म्हणून निरीक्षणावर आधारलेले सारेच अभ्यास टाकाऊ ठरत नाहीत. चिठ्ठ्या टाकून कोणाला सिगारेट ओढायला लावता येत नाही. तरीही डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांच्या 1950 पासूनच्या अभ्यासांतून सिगारेटी वाढतील तसा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि त्या सोडल्यावर उतरतो, हे दिसत गेले. तेथे 'धूम्रपानामुळे' असे निःशंकपणे लिहावे.

आपल्या आरोग्य पानावरील अशा प्रत्येक बातमीत ती नुसती पाहणी होती की चाचणी, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे आणि नुसती पाहणी असेल तर मथळ्यात 'आढळले' असे लिहावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका, सातारा