कॉपी पकडण्याआधी मार्कांची वाटणी बघ

प्रिय सुहास,

तुझ्या लेखनाच्या कोर्सची नियमावली वाचली. गुणदान अर्ध्या पानात उरकलंयस आणि बाकी सगळी शिक्षांची कलमं! पहिल्याच दिवशी हे हातात पडलं तर मुलांना कळणार नाही की आपण लिहायला शिकायला आलोय की जामिनावर सुटलोय.

चिडू नकोस. कॉपीबद्दल तू कडक आहेस याला माझी हरकत नाहीच. पण शंभरातले सत्तर मार्क तू शेवटच्या एका निबंधावर ठेवलेस, आणि मला वाटतं खरी गडबड तिथे आहे. सगळा डाव एका रात्रीवर लागला की घाबरलेलं मूल कुठून तरी उचलणारच. त्यापेक्षा मार्क पसरून टाक: विषयाची टिपणं, पहिला कच्चा खर्डा, वर्गातल्या दुसऱ्याच्या खर्ड्यावर दिलेला अभिप्राय, पुनर्लेखन, आणि काय बदललं व का, याचं एक पान. आयता निबंध मिळवणं सोपं असतं, पण त्याचे वाकडेतिकडे आधीचे खर्डे बनवत बसणं लिहिण्याइतकंच जिकिरीचं. शिवाय तुला दर आठवड्याला प्रत्येकाचा हात ओळखीचा होत जातो, हा फायदा कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा.

सॉफ्टवेअरवरून आठवलं. ‘साम्य 20 टक्क्यांवर गेलं तर शून्य’ हे कलम कृपा करून काढ. टर्निटिन या कॉपी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा फक्त जुळणारा मजकूर मोजतो. नीट अवतरणचिन्हांत दिलेला उतारा आणि संदर्भसूचीसुद्धा त्यात धरली जाऊ शकते. प्रामाणिकपणे भरपूर संदर्भ देणारी मुलगी तीसवर जाईल आणि पैसे देऊन लिहून घेणारा दोनवर राहील. अहवाल उघडून काय जुळलंय ते बघावंच लागतं.

एआय ओळखणाऱ्या साधनांचं तर विचारूच नकोस. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध अशी साधनं यंत्राचे ठरवतात. साधी, बेताची वाक्यं लिहिणं हाच गुन्हा! संशय आला तर मुलाला समोर बसव आणि विचार, हा मुद्दा कुठून सुचला, हे उदाहरण का घेतलंस. ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, सांगतो. आणि एआय कशासाठी चालेल, कशासाठी नाही, हे प्रत्येक असाइनमेंटखाली लिही. ‘गैरवापर करू नये’ याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो.

आणखी एक फरक कर. मूळ लेखातली वाक्यं घेऊन चार शब्द इकडेतिकडे करणं, हे नवशिके सर्रास करतात. रिबेका मूर हॉवर्ड या लेखनशिक्षणाच्या अभ्यासक याला शिकण्याची एक पायरी मानतात, आणि मला ते पटतं. कारण वाचलेलं पूर्ण पचलेलं नसतं. अशा मुलाला शून्य देऊन काय मिळणार? उतारा बंद करून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायला लाव. शून्य राखून ठेव दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्यासाठी. एकच निबंध दोन विषयांत देणं चालत नाही हेही स्पष्ट लिही; ते कित्येकांना खरंच माहीत नसतं.

उशिराचे मार्क वगैरे ठीक आहे, तसंच ठेव.

आता आपल्या बाजूचा प्रामाणिकपणा. 1912 मध्ये स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली, तर मार्क साठीच्या घरापासून नव्वदीच्या पार पसरले. म्हणून ‘भाषाशैली: 20’ एवढ्यावर भागवू नकोस, वीसपैकी सोळा कशाला आणि दहा कशाला, ते मुलांना आधी दिसू दे.

पहिले निबंध आले की नावं झाकून चारपाच मला पाठव. तुझे मार्क मात्र कळवू नकोस. मी माझे देतो, मग ताडून बघू आणि मनसोक्त भांडू.

तुझा,
विनय