चि. ओंकारला, वजनाबद्दल नव्हे

मिरज, रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दुपारी मी वजनाचं काढलं आणि तू फोन ठेवलास. आईला मी रेंज गेली म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग. या पत्रात वजनाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. बॉक्सिंगमधली पहिलीच प्रोफेशनल लढत हरलो तर संपलं सगळं, म्हणालास. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तुझा तो जपानी बॉक्सर आठव. गट्स इशिमात्सू. मूळ नाव युजी सुझुकी, तोचिगीकडचा, जन्म १९४९चा. लाइटवेट या वजनगटात जगज्जेता झालेला पहिला जपानी. आणि त्याचा शेवटचा हिशेब काय? ५१ लढती, ३१ जिंकल्या, १४ हरल्या, ६ बरोबरीत. चौदा वेळा हरला, बाळा. १९७० मध्ये पनामाला जाऊन इस्माएल लागुनाशी जागतिक पट्ट्यासाठी लढला, तेराव्या राउंडला लढत थांबवली. १९७३ मध्ये परत पनामा, समोर रोबेर्तो दुरान. या वेळी दहाव्यातच थांबवली. इथे कुणीही घरी बसलं असतं. त्यानंतर सातच महिन्यांनी, ११ एप्रिल १९७४ला, टोकियोत त्याने मेक्सिकोच्या रोदोल्फो गोन्साल्हेसला आठव्या राउंडला झोपवलं आणि डब्ल्यूबीसीचा, म्हणजे जागतिक बॉक्सिंग परिषदेचा, जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. दोन्ही मुठी वर केलेला तुझा तो फोटो त्या रात्रीचा. 'गट्स पोज' हा शब्द जपानमध्ये घरोघरी गेला तो त्यामुळे. शब्द आधीचाच, पण चिकटला याला.

आणि 'गट्स' म्हणजे हिंमत, पण हे नाव कौतुकाचं नाही बरं का. लढत हातातून जातेय असं दिसलं की हा ढिला पडायचा, म्हणून त्याच्या योनेकुरा जिममध्ये ते नाव लावलं, असं सांगतात. टोमणाच म्हण ना. तोच टोमणा पुढे पाच वेळा पट्टा राखून बसला. त्यात फेब्रुवारी १९७५ची केन बुकॅननशी झालेली लढत तू नीट बघ. पंधरा राउंड, गुणांवर जिंकलेली. त्याच्या उजव्या हाताचं सगळे बोलतात, पण त्या उजव्याला वाट डाव्या जॅबने, त्या सरळ झटपट ठोशाने, करून द्यावी लागते. तुझा जॅब सुरेख आहे. हे मी तोंडावर कधी बोललो नाही. तुझी उजवी कोपर मात्र अजून बाहेर जाते, बरगडी उघडी पडते.

तुला लढायचंय ते लाइटवेट म्हणजे १३५ पाउंड, ६१.२३ किलो. तू परवा ६८ होतास. आलोच बघ मी वजनावर. आता लिहूनच टाकतो.

इशिमात्सूच्या काळी लढतीच्या दिवशी सकाळीच वजन व्हायचं. घाम गाळून अंगातलं फार पाणी काढलं तर संध्याकाळी पायच चालायचे नाहीत, म्हणून माणूस आपोआप बेतात राहायचा. आता आदल्या दिवशी वजन होतं. मधे एक रात्र मिळते, त्या भरवशावर पोरं पाच-सहा किलो घामातून काढतात. रात्रीत काट्यावरचं वजन परत येतं, पण डोकं मार खायला तयार झालं असं कुणी लिहून देत नाही. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू याच वजनगटात लढला, चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांनी गेला. वजन उतरवताना त्याचे हाल झाले होते म्हणतात. त्यानंतरच डब्ल्यूबीसीने पंधराचे बारा राउंड केले. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस.

हिशेब कर. हातात पाच आठवडे. ताकद न घालवता आठवड्याला अर्धा, फार तर पाऊण किलो चरबी जाते. म्हणजे ६८चे ६५ होतील. शेवटच्या आठवड्यात मीठ, भात आणि चोथ्याचं खाणं कमी केलंस की अजून दीड-दोन किलो, घाम न काढता. आलास ६३च्या आसपास. ६३.५चा गट आहेच की! तिथे लढ. ६१ला जायला उरलेले दोन किलो घामातूनच काढावे लागतील, प्लास्टिकचा सूट घालून, आणि नेमकं तेच मला नको आहे. इशिमात्सूसुद्धा मे १९७६ मध्ये एस्तेबान दे हेसूसकडून पट्टा गमावल्यावर पुढच्या वर्षी ६३.५ला गेला. तिथे थायलंडच्या साएनसाकने त्याला सहाव्या राउंडला पाडलं, हेही सांगतो, लपवत नाही.

तुझ्या रूममेटच्या त्या लघवीच्या गोळ्या कचऱ्यात टाक. डोपिंगमध्ये बंदी आहे, पाण्याबरोबर पोटॅशियम जातं आणि हृदयाचे ठोके चुकतात.

वजन झाल्यावर गटागट पाणी पिऊ नकोस. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यात पूर्ण घोळव, अर्धी पुडी नको. दर पंधरा मिनिटांनी पेलाभर. जितके किलो पाणी गेलं त्याच्या दीडपट आत जायला हवं. मग मऊ भात, केळं. मिसळ लढतीनंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी गडद असली तर कॉर्नरमधल्या माणसाला सांगायचं, लाजायचं नाही.

भाषण झालं, माफ कर. तू चोवीस वर्षांचा आहेस आणि मी तुला लघवीचा रंग शिकवतोय. बापूंच्या वेळी उशीर झाला, तेव्हापासून हे असं होतं माझं. इशिमात्सू तिशी गाठायच्या आत रिंगमधून बाहेर पडला, मग टीव्हीवर, सिनेमात विनोदी कामं करत राहिला. मला त्याचं तेच जास्त आवडतं.

आईने मेथीचे लाडू पाठवलेत. मोजून खा. नाही, खा तू.

उद्या सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी काट्यावर उभा राहा आणि आकडा कळव. काटा फरशीवर ठेव. सतरंजीवर ठेवलास तर चुकीचं दाखवतो, तुला ठाऊक आहे.

बाबा